पवित्र नाम देवालय, पुणे

पवित्र नाम देवालय हे पुणे शहराच्या गुरुवार पेठेतील ख्रिस्ती प्रार्थनामंदिर असून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. इ.स. १८८५ मध्ये उभे राहिलेले हे देवालय पुणेकरांमध्ये ‘पंचहौद चर्च’ या नावानेच अधिक ओळखले जाते. १८९० मधील चहापानाच्या प्रकरणामुळे पंचहौदाचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचे नोंदले गेले.

स्थान आणि नाव

गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी शहरातील हौदांत खेळवले जाई. या परिसरातील पाच हौदांवरून ‘पंचहौद’ हे नाव रूढ झाले आणि पुढे मिशनलाही तेच चिकटले. पुण्यातील इंग्रजांची चर्चे सहसा लष्कर भागात होती. १८२५ चे सेंट मेरीज चर्च हे त्यांपैकी प्रमुख. पंचहौदाचे देवालय मात्र मराठी वस्तीत, पेठेच्या मध्यावर बांधले गेले. त्याचे वेगळेपण समजून घेण्यासाठी वास्तुशैलीपेक्षा ही जागेची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

स्थापना

ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट’ या अँग्लिकन संन्यासी संघाने १८७० च्या दशकात मुंबई इलाख्यात कार्य सुरू केले. या संघाच्या पुण्यातील कार्याचे पंचहौद हे केंद्र होते. वाँटेज येथील संघाच्या भगिनींनी स्त्रिया आणि मुली यांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले.

चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेले व काशीत शास्त्राध्ययन केलेले नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे हे याच संघाच्या सहवासात आले. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथाचे कर्ते असलेल्या गोऱ्यांच्या विचारांचा पंडिता रमाबाईंवर प्रभाव पडला. रमाबाईंचा वाँटेजच्या भगिनींशी पुण्यातच परिचय झाला होता. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी वाँटेज येथेच बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे त्यांनी मुकाट्याने मान्य केले नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

चहाचे प्रकरण

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हे त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, तर काहींनी नुसता पेला हाती धरला किंवा तो तसाच ठेवला. या कार्यक्रमामागे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा पुढाकार होता. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध झाली आणि सनातनी मंडळींनी हा विषय शंकराचार्यांपुढे नेला.

ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतल्याने ब्राह्मण्य भ्रष्ट होते काय, या प्रश्नाची रीतसर चौकशी झाली. हे ग्रामण्य सुमारे दोन वर्षे चालले. बहिष्काराची झळ पंगत, श्राद्ध, मुलींचे सासर-माहेर अशा घरगुती व्यवहारांपर्यंत पोहोचत असे. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये आपल्याबरोबर अडकलेल्या स्नेह्यांसाठी प्रायश्चित्त घेतले. त्यावर सुधारकांनी कठोर टीका केली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाविषयी लिहिले आहे.

मराठी ग्रंथांत या प्रकरणाची चर्चा टिळक-रानडे यांच्या चरित्रांच्या अनुषंगाने होते. ज्या मंडळीच्या आवारात ते घडले, तिच्याकडे सहसा लक्ष गेले नाही. या देवालयात प्रभुभोजनाच्या वेळी सर्व उपासक एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेत आणि त्या मंडळीत निरनिराळ्या जातींतून आलेले लोक होते. बाहेर चहाच्या पेल्यावरून चौकशी चालू असतानाही हा विधी नेहमीप्रमाणे होत राहिला.

मंडळीचे जीवन

येथील उपासना मराठीत चालते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रचलित असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे आहेत. त्यामुळे अभंग आणि ओवी यांच्या वळणाची गीते चर्चमध्ये ऐकू येतात.

देवालयालगतचे उंच, चौकोनी घंटाघर दुरूनही ओळखू येते. त्यात सुरांनुसार लावलेल्या आठ घंटा आहेत. प्रत्येक घंटेचा दोर स्वतंत्र व्यक्तीच्या हाती असतो आणि क्रम बदलत बदलत त्या वाजवल्या जातात. यासाठी आठ जणांनी एकमेकांकडे लक्ष ठेवून ओढ सांभाळावी लागते; एकाचा हात चुकला तरी सगळा क्रम विस्कटतो. ही इंग्लिश पद्धत भारतात अत्यंत दुर्मीळ आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-संघटनांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून अँग्लिकन परंपरेतील हे देवालय त्या संयुक्त चर्चमध्ये समाविष्ट आहे.