हमीदा बानूंचा हुकूम

सातवीच्या वर्गात मुघलांचा धडा चालू होता. फळ्यावर बादशहांची नावे लिहून झाली, तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, यांच्या घरातल्या बाया काय करायच्या?" पुस्तकात उत्तर नव्हते. जनानखाना म्हटले की पडदा, अत्तर आणि दागिने, एवढेच चित्र सिनेमाने आपल्या मनावर ठसवले आहे. म्हणून एका कागदाची ही हकीकत.

हमीदा बानू बेगम म्हणजे हुमायूनची पत्नी आणि अकबराची आई. राज्य गमावून हुमायून सिंधमध्ये भटकत होता, तेव्हा १५४१ मध्ये त्यांचा निकाह झाला. पुढच्याच वर्षी उमरकोटला अकबर जन्मला. हालअपेष्टा सोसलेली ही स्त्री पुढे 'मरियम मकानी' या किताबाने ओळखली गेली.

यमुनेकाठच्या गोकुळात तेव्हा वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ राहत होते. त्यांना तिथे कोणी त्रास देऊ नये, असे फर्मान अकबराने १५७७ मध्येच दिले होते. १५८१ मध्ये हमीदा बानूंचा स्वतंत्र हुकूम निघाला. महाबन परगण्यात विठ्ठलनाथांच्या गायी खुशाल चरू द्याव्यात, जमीन खालसा असो वा जागिरीची, कोणी अडवू नये, असा त्याचा आशय आहे.

आज ही बाब किरकोळ वाटेल. पण त्या काळी रानात चराईचा कर, घाटावर उताराचा कर, नाक्यावर जकात, अशी जागोजागी अडवणूक असे. ज्या देवस्थानात दूध-लोण्याचा नैवेद्य रोजचा, त्याला चराईची सूट म्हणजे मोठाच आधार. शिवाय खालसा म्हणजे सरकारी खजिन्याची जमीन, तर जागीर अमीराला नेमून दिलेली. दोन्हीकडच्या अंमलदारांनी मानावा, असा शब्द एका बेगमेचा होता.

बादशहाचे ते फर्मान, शहजाद्याचे ते निशान आणि बेगमेचा तो हुकूम, असे या कागदांचे प्रकार होते. बेगमांच्या हाती महसूलही असे. त्याच यमुनेवर, आग्र्यासमोरच्या काठाला नूरजहानचे अधिकारी पूर्वेकडून येणाऱ्या मालावर जकात घेत आणि मगच माल नदीपार जाई. १६२०च्या दशकात आग्र्यात राहिलेल्या पेल्सार्ट या डच व्यापाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. एकीने नदीवर जकात घेतली, दुसरीने नदीकाठी सूट दिली. अधिकार दोघींकडेही होता.

इतिहास एवढाच गोड नाही. मथुरेचे केशवदेव मंदिर १६७० मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले, हेही मी मुलांना सांगते. एक पान लपवून दुसरे दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे. पण हमीदा बानूंचे पानही फाडू नये. वल्लभ संप्रदायाने हे कागद शतकानुशतके जपले आणि कृष्णलाल झवेरी यांनी ते १९२८ मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध केले. आपल्या बेगमेची आठवण दुसऱ्यांनी सांभाळली. आपण काय सांभाळले?

आपल्याकडे वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा शरियतने ठरवून दिला आहे. तरी किती घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि भावाचे मन राखायला ती मुकाट सही करते! साडेचारशे वर्षांपूर्वी एका आईच्या नावाचा कागद परगणाभर चालला. आपल्या मुलींची सही फक्त हक्क सोडण्यापुरती उरावी का?

दुसऱ्या दिवशी मी बादशहांच्या यादीशेजारी हमीदा बानूंचे नाव लिहिले. त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले.