ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द

आज आपल्याला माहितीपटाच्या ट्रेलरबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात ‘ट्रेलर’ या शब्दापासून करू. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारी गोष्ट. मग ती सिनेमाच्या आधी कशी दाखवतात? कारण पूर्वी ती मुख्य चित्रपट संपल्यावरच दाखवत असत. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नील्स ग्रानलंड यांनी एका संगीत नाटकाची जाहिरात करण्यासाठी छोटी फिल्म बनवली. अगदी पहिल्या ट्रेलरांत तिची गणना होते. तिच्यात काय होतं? नाटकाच्या तालमीचं चित्रण! म्हणजे ट्रेलर जन्मला तोच माहितीपटाच्या अंगानं.

आपल्याकडे काय होतं? त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि त्याचा वेल होईपर्यंतची वाढ महिनाभर कॅमेऱ्यानं टिपली. पडद्यावर ती जेमतेम मिनिटभराची. हा काही ट्रेलर नव्हे. हरिश्चंद्राची एकही चौकट त्यात नाही. पण काम त्यानं ट्रेलरचंच केलं. ‘या माणसाला हे जमतं’ हा पुरावा मिळाला आणि भांडवल उभं राहिलं.

पुढे ट्रेलरचा धंदा झाला. निवडक दृश्यं, वर मोठाली अक्षरं आणि अतिशयोक्ती, असा साचा पडला. तो मोडणारी दोन उदाहरणं बघा.

पहिलं ऑर्सन वेल्सचं, ‘सिटिझन केन’चं. जवळपास चार मिनिटांचा ट्रेलर, आणि त्यात मूळ चित्रपटातलं एकही दृश्य नाही. वेल्सचा फक्त आवाज. तो स्वतः दिसतच नाही. तो आपल्या नटांची ओळख करून देतो. केन हा माणूस कसा, ते मात्र सांगत नाही. पात्रांची उलटसुलट मतं ऐकवतो आणि निवाडा आपल्यावर सोडतो.

दुसरं १९६० चं, हिचकॉकच्या ‘सायको’चं. सहा मिनिटांहून जास्त वेळ हिचकॉक आपल्याला वाटाड्यासारखा मोटेल आणि घर दाखवत फिरतो. काहीतरी सांगायला लागतो आणि मध्येच थांबतो. रिकाम्या खोल्याच भीती घालतात. शेवटी तो न्हाणीघरातला पडदा बाजूला सारतो आणि बाई किंचाळते. गंमत अशी, की ती बाई व्हेरा माइल्स आहे. चित्रपटात त्या जागी जॅनेट ली आहे!

आता मुद्दा. हिचकॉकनं चेहरा बदलला तर आपण हसतो. माहितीपटात तसं केलं तर ती फसवणूक ठरते. समजा, एका बाईनं तुम्हाला तीन तास मुलाखत दिली. ती क्षणभर रडली. तुम्ही नेमका तोच क्षण उचलला आणि दुसऱ्याच प्रश्नापुढे जोडला. ट्रेलर जोरदार होईल, पण उद्या ती बाई स्वतः तो बघणार आहे. तिच्या शेजारीपाजारी बघणार आहेत. तिनं तुमच्यावर टाकलेला विश्वास त्या एका कटमध्ये संपतो.

मग घ्यायचं काय? फाळक्यांकडून एक पूर्ण प्रक्रिया घ्या: दाणा ते वेल. वेल्सकडून आवाज आणि न दिलेला निवाडा घ्या. हिचकॉककडून रिकामी जागा आणि अर्धवट सोडलेलं वाक्य घ्या. उत्सुकता लपवण्यातून येते, त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही.

आणि संकलन झालं, की पहिला प्रेक्षक कोण? ज्यांचं चित्रण केलं ती माणसं. त्यांच्यासमोर बसून तो ट्रेलर बघण्याची तुमची तयारी असेल, तरच तो बाहेर जाऊ द्या.