यादीत नसलेला वेगवान गोलंदाज

परदेश दौऱ्याचा संघ जाहीर व्हायची वेळ आली की आपल्याकडे घरोघर निवड समित्या बसतात. माझ्या लहानपणी पिंपरीत त्या कारखान्याच्या बसमध्ये बसायच्या. पहिल्या पाळीला निघालेली माणसं डबा मांडीवर घेऊन संघ निवडायची. गावसकरच्या जागेवर वाद नसायचा. वाद व्हायचा तो नवा चेंडू कुणी टाकायचा यावर. माझे अब्बा मशिन शॉपमध्ये होते. त्यांचं बोलणं नेहमी एकाच नावावर येऊन थांबायचं, पांडुरंग साळगावकर. "तो गेला असता ना, तर..." एवढं म्हणून ते गप्प होत. पुढचं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

गेला असता म्हणजे १९७४ साली इंग्लंडला.

आपल्या मातीत वेगवान गोलंदाज पिकतच नाहीत, असं पुष्कळ वर्षं म्हटलं जायचं. ते खरं नव्हे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत आपला पहिलाच कसोटी सामना खेळला. तेव्हा महंमद निस्सार आणि अमरसिंग यांनी नवा चेंडू हाती घेतला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. त्याच महिन्यात होम्स आणि सटक्लिफ या सलामीच्या जोडीनं यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागी रचली होती. त्या दोघांचे त्रिफळे निस्सारनं उडवले. १९५९ साली चणीनं लहानशा रमाकांत देसाईंनी त्याच लॉर्ड्सवर पाच गडी बाद केले.

मग आपल्याकडे फिरकीचं राज्य आलं. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. चौघेही असे, की एकालाही बाहेर ठेवायला मन धजू नये. पण त्यांच्या थोरवीची सावली दुसऱ्या कुणावर तरी पडली. नवा चेंडू ही एक अडचण होऊन बसली. त्याची लकाकी कुणीतरी चार-सहा षटकांत घालवायची आणि चेंडू लवकरात लवकर फिरकीवाल्यांच्या हवाली करायचा. १९६७ साली बर्मिंगहॅमच्या कसोटीत हे चारही फिरकी गोलंदाज एकत्र खेळले. जलद गोलंदाजीची बाजू इतकी लंगडी होती, की नवा चेंडू टाकायला बुधी कुंदरन आले. हे एरवीचे यष्टिरक्षक-फलंदाज! आपण नेमकी कसली गोलंदाजी करतो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं, असा किस्सा आजही हसत सांगतात. मला त्याचं हसू येत नाही. महाराष्ट्राकडून खेळणारे सदानंद मोहोळ जलद गोलंदाज म्हणून त्याच दौऱ्यावर गेले होते. त्यांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. हैदराबादचे गोविंदराज १९७१ साली वेस्ट इंडीजला गेले, इंग्लंडलाही गेले. दोन दौरे झाले आणि कसोटी एकही नाही.

१९७१ च्या त्या दौऱ्यात ओव्हलवर चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंड १०१ वर गारद झालं आणि आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकलो. त्या विजयानं देशाला आनंद दिला, तसा एक भ्रमही दिला. आबिद अली आणि सोलकर यांनी लकाकी घालवली की पुरे, पुढचं फिरकी बघून घेईल! एकदा फळलेली युक्ती माणूस सहसा सोडत नाही.

साळगावकर महाराष्ट्राकडून खेळू लागले ते १९७१-७२ च्या हंगामात. उंचपुरे, लांब धाव घेऊन येणारे आणि खरोखर वेगवान. पुढे प्रथम श्रेणीत त्यांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. १९७३-७४ च्या हंगामात ते भारतीय संघातून श्रीलंकेत खेळून आले. श्रीलंकेला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. त्यानंतर इंग्लंडच्या दौऱ्यासाठी वाडेकरांचा संघ निवडला गेला. नव्या चेंडूसाठी नावं होती आबिद अली, सोलकर आणि मदनलाल. तिघेही गुणी आणि कष्टाळू. पण तिघेही मध्यमगती आणि तिघांनाही बऱ्यापैकी फलंदाजी येणारी. चारही फिरकी गोलंदाज यादीत होते. निव्वळ वेगानं चेंडू टाकणारा आणि त्यापलीकडे काही न येणारा असा एकही नव्हता. या यादीकडे जितक्यांदा बघावं, तितक्यांदा तिच्यात मला भीती दिसते. शेवटच्या क्रमांकाच्या माणसानं वीस धावा केल्या नाहीत तर काय, ही ती भीती.

इंग्लंडचा तो उन्हाळा थंड आणि ओला निघाला. गारठलेल्या बोटांनी चेंडू फिरवायचा कसा? लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६२९ धावा केल्या. बेदींनी सहा बळी घेतले, पण त्यासाठी २२६ धावा मोजल्या. आपला दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. हा बेचाळीसचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. फलंदाजांची अब्रू गेली म्हणून तो लक्षात राहिला. त्यापुढच्या बर्मिंगहॅमच्या कसोटीतला आकडा मात्र कुणी आठवत नाही. इंग्लंडनं २ बाद ४५९ वर डाव घोषित केला आणि एका डावानं सामना जिंकला. अख्ख्या डावात आपल्याला गडी मिळाले दोन! मालिका ३-० अशी गेली. एकटे साळगावकर ती वाचवू शकले असते, असं मी म्हणणार नाही. अब्बाही म्हणत नव्हते, म्हणून तर त्यांचं वाक्य अर्धं राहायचं.

आता स्वतःचं एक पाप सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या वस्तीत एक टीम होती आणि मी तिचा कॅप्टन होतो. मोशीला इंद्रायणी ओलांडून चाकणकडे खेळायला जाणं, हा आमचा परदेश दौरा. टेम्पोत जागा अकरांचीच. आमच्यात एक पोरगा होता, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर. अंगावर तेलाचे डाग घेऊनच मैदानात यायचा आणि असा चेंडू टाकायचा की आमचा कीपर दहा पावलं मागं उभा राहायचा. पण बॅट म्हणजे त्याच्या हातात नुसती फळी. मी त्याला वगळलं आणि "थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग" करणारा एक घेतला. टेम्पो सुटला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता. काही बोलला नाही. सामना आम्ही हरलो. ते एक असो. पण निवड समितीला नावं ठेवताना मला अजून ती सायकल दिसते.

पुढे काळ पालटला. कपिलदेव आले आणि जुना समज मोडीत निघाला. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत सुधीर नाईकांच्या क्लबात घडला. हेच सुधीर नाईक १९७४ च्या त्या संघात सलामीचे फलंदाज होते. नव्या चेंडूवाचून संघाचं काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. २००६ मध्ये झहीरला संघाबाहेर बसावं लागलं. तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून खेळायला गेला आणि एका मोसमात कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत ७८ बळी घेऊन परतला. त्या वर्षअखेरीस त्याला दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर पाठवलं गेलं, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष दिलीप वेंगसरकर होते. त्यांची क्रिकेट अकादमी आमच्या थेरगावात आहे. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, नॉटिंगहॅमला झहीरनं सामन्यात ९ बळी घेतले. १९८६ नंतर पहिल्यांदा आपण इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो. झहीरनं तिथं काही मोठ्या खेळी केल्या नव्हत्या, आणि त्या त्याच्याकडून कुणी मागितल्याही नव्हत्या.

आणि साळगावकर? कसोटी त्यांच्या नशिबी आली नाही. पुढे गहुंज्याच्या स्टेडियमची खेळपट्टी त्यांच्या देखरेखीखाली आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथं पहिला कसोटी सामना झाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती, सुट्टी होती. मी गेलो, सोबत तो सायकलवाला. आता डोक्यावर केस नाहीत, गुडघे दुखतात. चेंडू पहिल्यापासून हातभर वळत होता. भारत १०५ धावांत संपला, शेवटचे सात गडी अकरा धावांत गेले, ओकीफनं सहा बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव सुरू झाला तेव्हा भारतानं पहिलंच षटक अश्विनच्या हाती दिलं. सामना तिसऱ्या दिवशी संपला आणि आयसीसीनं खेळपट्टीला "निकृष्ट" असा शेरा दिला. उभं आयुष्य वेगावर घालवलेल्या माणसाच्या राखणीत ही खेळपट्टी! पण भारताकडून पहिल्या डावात सर्वाधिक बळी कुणी घेतले होते ठाऊक आहे? विदर्भाच्या उमेश यादवनं, ३२ धावांत चार.

माझा मित्र दिवसभरात एकदाच जागेवरून उठला. मिचेल स्टार्कनं एकाच षटकात पुजारा आणि कोहलीला बाद केलं तेव्हा. शेजारचे लोक त्याच्याकडे रागानं बघू लागले. तो टाळ्या वाजवतच राहिला. मग खाली बसून मला म्हणाला, "कॅप्टन, ह्याला घेतला असतास का चाकणला?"