कुटुंबकार्यमापन

घरातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, अडचण आली की कसा मार्ग काढतात, कामे कशी वाटून घेतात आणि परस्परांना माया किती लावतात, हे प्रश्नावलीच्या साहाय्याने अंकांत मांडण्याची आरोग्यसंशोधनातील पद्धत. मधुमेह, दमा, नैराश्य, स्किझोफ्रेनिया अशा दीर्घ आजारांचा मोठा भार घरच्यांवर पडतो. पथ्य सांभाळणे, गोळ्यांची आठवण करणे, रुग्णाला तपासणीला नेणे ही कामे तेच करतात. म्हणून घर कसे चालते याची नोंद संशोधकाला हवीच असते. मात्र या प्रश्नावल्यांतून हाती लागते ते घराविषयीचे एका सदस्याचे मत. त्यालाच घराची मोजणी समजण्याची चूक संशोधनात वारंवार होते, आणि तिची किंमत बहुधा घरातल्या ज्याला बोलायला वाव नाही त्याला मोजावी लागते.

अमेरिकी डॉक्टर गॅब्रिएल स्मिल्कस्टीन यांनी १९७८ मध्ये ‘फॅमिली ॲपगार’ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली मांडली. नवजात बालकाची अवस्था पटकन जोखणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार यांच्या गुणपद्धतीवरून तिला हे नाव मिळाले. प्रत्येक प्रश्नाला ‘जवळजवळ नेहमी’, ‘कधीकधी’ किंवा ‘क्वचितच’ असे उत्तर द्यायचे आणि त्याला अनुक्रमे २, १ किंवा ० गुण मिळतात. एकूण ७ ते १० गुण म्हणजे घर सुरळीत, ४ ते ६ म्हणजे मध्यम बिघाड, ३ किंवा त्याखाली तीव्र बिघाड. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात घडलेल्या प्रतिमानावर एपस्टीन, बाल्डविन आणि बिशप यांनी १९८३ मध्ये अधिक विस्तृत प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या रूढ आवृत्तीत ६० विधाने व सात उपमापे आहेत. सर्वसाधारण कार्याचे १२ विधानांचे उपमाप अनेकदा सुटेही वापरतात. डेव्हिड ऑल्सन यांच्या प्रतिमानात जवळीक आणि लवचीकता यांचा अतिरेक आणि अभाव दोन्ही घातक मानले आहेत.

समजा, एका घरात सासूबाईंनी ॲपगारवर ९ गुण दिले आणि सुनेने ४. सरासरी साडेसहा येते, पण तसे घर त्या दोघींपैकी कोणीच अनुभवत नाही. तिथली खरी माहिती त्या पाच गुणांच्या अंतरात आहे, कारण घरातला निर्णय कोण घेते आणि तो कोणाला सोसावा लागतो, हे त्यावरून उमगू लागते. बाह्यरुग्ण विभागात रुग्णासोबत आलेल्याकडूनच प्रश्नावली भरून घेतली, तर हे अंतर कधी दिसतच नाही. आई-वडील आणि किशोरवयीन मुले यांची उत्तरे फारशी जुळत नाहीत, हेही अभ्यासांत वारंवार आढळले आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात ॲपगारनुसार पहिल्या भेटीत ‘बिघडलेली’ ठरलेली बहुतेक कुटुंबे पुढच्या मोजणीत तशी ठरली नाहीत आणि डॉक्टरांच्या मताशीही गुण नीट जुळले नाहीत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: रुग्णाला आपले घर जसे वाटते तसेच त्याच्या प्रकृतीवर परिणाम करते, मग इतरांचे मत कशाला? समाधान मोजण्यापुरता तो बरोबर आहे, आणि ॲपगार मुळात समाधानच विचारते. पण नैराश्याने ग्रासलेला माणूस स्वतःकडे आणि घराकडे एकाच काळ्या चष्म्यातून पाहतो. त्याच्याच दोन उत्तरांचा संबंध लावून ‘घरामुळे नैराश्य’ असे म्हणता येत नाही. बाहेरच्या कानाची मदत घेणारी पद्धतही आहे. स्किझोफ्रेनियाच्या संशोधनातील कॅम्बरवेल मुलाखतीत नातेवाइकाच्या आवाजातली टीका आणि जिव्हाळा प्रशिक्षित संशोधक ध्वनिमुद्रण ऐकून नोंदवतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगडच्या अभ्यासात नातेवाइकांची टीका आणि रुग्णात अति गुंतणे लंडनपेक्षा कमी आढळले. म्हणजे एका समाजात नेहमीचे वाटणारे प्रमाण दुसऱ्या समाजाला जसेच्या तसे लावता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. घरातल्या प्रत्येकाला गाठणे खरोखरच अवघड असते. तरी वेगवेगळ्या पिढीतील दोघांना, एकमेकांच्या नजरेआड, तेच पाच प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. भारतात त्याआधी ‘कुटुंब’ म्हणजे कोण हेही ठरवून विचारावे लागते. लग्न झालेली मुलगी सासरचे सांगते की माहेरचे, मुंबईत नोकरी करणारा मुलगा गावच्या घरात धरायचा की नाही, यावर उत्तर बदलते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत १९८० च्या दशकात भारतीय कुटुंबांसाठी स्वतंत्र मापनश्रेणीही तयार झाली. मराठी भाषांतर करताना शब्द अचूक उतरवणे पुरेसे नाही. सुनेला ते विधान सासूसमोर वाचता येईल का, हेही पाहावे लागते. एकाच सदस्याच्या उत्तरांवर उभ्या असलेल्या अभ्यासाने निष्कर्षात ‘कुटुंबाचे कार्य’ असे लिहू नये. उत्तर कोणी दिले आणि त्या वेळी शेजारी कोण बसले होते, ते लिहावे.