बटाट्याचे बेणे आणि पांढरी माशी

उत्तर भारताच्या मैदानात निरोगी बटाटा बेणे तयार करण्याची पद्धत 1960च्या दशकात रुळली. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे पुष्करनाथ यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. विषाणू पसरवतो मावा, आणि मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर तो फारसा नसतो, एवढाच तिचा आधार. तेवढ्या मुदतीत पीक वाढवायचे आणि शंभर पानांवर 20 मावा दिसण्याआधी पाला कापायचा. पांढऱ्या माशीचा विचार या वेळापत्रकात नव्हता.

माशी काही नवी नव्हती. 1889 मध्ये ग्रीसमधल्या तंबाखूवरून तिचे शास्त्रीय वर्णन झाले. 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथे कपाशीवर तिची नोंद झाली. बटाट्यावर मात्र ती किरकोळ कीड समजली जाई. 1990च्या दशकाअखेरीस हिसार भागात बटाट्याचे शेंडे चुरडू लागले, तेव्हा हा समज मोडला. टोमॅटोवरच्या पर्णगुच्छ विषाणूचाच एक प्रकार या माशीमार्फत बटाट्यात शिरला होता. हिसार कपाशीच्या पट्ट्यात येते, हे इथे महत्त्वाचे. कपाशी संपत येते त्याच सुमारास बटाट्याचे कोवळे कोंब वर येतात, आणि कपाशीवरची माशी त्यांच्याकडे वळते. मावा हंगामाच्या शेवटी येतो, माशी सुरुवातीलाच. म्हणजे माव्यापासून वाचण्यासाठी केलेली लवकर लागवड नेमकी माशीच्या तोंडी जाते.

या माशीचे प्रकार डोळ्यांना एकसारखेच दिसतात. जनुकांच्या तपासणीनेच ते वेगळे ओळखू येतात. उत्तरेच्या मैदानात ‘एशिया 2-1’ या प्रकाराचे प्राबल्य आहे. कपाशीचा पर्णगुच्छही तोच पसरवतो. दक्षिणेकडे आणि मध्य भारतात ‘एशिया 1’ अधिक सापडतो. पश्चिम आशियाकडून जगभर गेलेला ‘बी’ प्रकार 1999 मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात टोमॅटोवर आढळला. या सीमा पक्क्या नाहीत, आणि पिकांची फेरपालट व कीटकनाशकांचा मारा त्या हलवत राहतात.

विषाणूला मात्र दूर जायला माशीच लागते असे नाही. रोगट बेण्यातूनही तो जातो. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावरचा खरीप बटाटा पंजाबातून येणाऱ्या बेण्यावर उभा आहे, त्यामुळे तिकडच्या माशीचा प्रश्न इकडच्या शेतकऱ्यालाही परका नाही. वाणांमध्ये ‘कुफ्री बहार’ शेंडे चुरडण्याच्या या रोगापुढे चांगला तग धरतो. बेण्याच्या पिकात आता लागवड थोडी उशिरा करतात, रोगट झाडे उपटून टाकतात आणि माव्याबरोबर माशीवरही नजर ठेवतात.