दाताची साक्ष

परवा नातीचा व्हिडिओ कॉल आला. खालचा पुढचा एक दात पडला म्हणून स्वारी खुशीत होती. वय सहा वर्षं दोन महिने. दात तळहातावर घेऊन दाखवत होती आणि मधूनमधून त्या फटीतून जीभ बाहेर काढत होती. मी म्हटलं, आमच्या लहानपणी पडलेला दात कौलांवर फेकायचो. तर म्हणते, "आबा, कौलं कुठे असतात?" ती राहते सातव्या मजल्यावर. शेवटी दात गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला गेला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. मुलांचे दात बघण्याशी माझा जुना संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. पण ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. मास्तरकीची खोड, जात नाही!

दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी खालचे पुढचे दोन हलू लागतात. त्याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कुणाच्या जागी येत नाही, त्यामुळे घरात बहुधा कुणाला पत्ताही नसतो. तिच्या मागची दाढ येते बाराव्या वर्षाच्या आसपास. मधल्या काळात दुधाचे सगळे दात पडून जातात. वर्षभर इकडेतिकडे होतं, पण मूल खात्यापित्या घरचं असो वा उपाशी घरचं, हे वेळापत्रक फारसं बदलत नाही. उंची आणि वजन मात्र लगेच मार खातात.

ही गोष्ट एकदा थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेली होती. तिथे १८३३ साली कारखान्यांचा कायदा झाला. कापडगिरण्यांत (रेशमाच्या सोडून) नऊ वर्षांखालचं मूल ठेवायचं नाही. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि रोज दोन तास शाळा. देखरेखीला साऱ्या देशात मिळून चार निरीक्षक.

कायदा झाला खरा, पण मुलाचं वय ओळखायचं कसं? इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती १ जुलै १८३७ ला. त्याआधी चर्चच्या वहीत असे ती बाप्तिस्म्याची नोंद. म्हणून डॉक्टरनं दाखला द्यायचा, की हे मूल अंगानं आणि दिसण्यात नऊ वर्षांच्या मुलासारखं आहे. आता बघा, आईबापांना मजुरी हवी, मालकाला स्वस्त मजूर हवा. खरं वय कुणालाच नको होतं. थोराड अंगाचं सात वर्षांचं पोर सहज नऊचं ठरे.

तेव्हा एडविन सॉंडर्स नावाच्या दंतवैद्यानं हजाराहून जास्त मुलांचे दात तपासले आणि १८३७ साली पार्लमेंटच्या सभासदांना उद्देशून एक पुस्तिका काढली. तिच्या नावाचा अर्थ 'दात : वयाची कसोटी' असा होतो. त्याचं म्हणणं, उंची फसवते, दात त्या मानानं खरं सांगतात. हेच सॉंडर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचे दंतवैद्य झाले आणि १८८३ साली 'सर' झाले.

कारखान्यांचा प्रश्न मग आपल्याकडेही आला. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि बघता बघता गिरणगाव उभं राहिलं. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांनी कायद्यासाठी खटपट केली. १८८१ साली कायदा झाला. त्यात कामाचं किमान वय किती ठरलं? सात! सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास. बारा पुरी झाली की मोठ्या माणसांत जमा, आणि मोठ्यांच्या तासांना त्या कायद्यात मर्यादाच नव्हती. वर्गात मी हे आकडे पाठ करून घेत असे. सात म्हणजे पुढचे दात नुकते पडलेलं पोर, हे कधी डोळ्यांसमोर आणलं नाही. पुढे किमान वय १८९१ साली नऊ, १९२२ साली बारा आणि १९४८ साली चौदा झालं.

फौजदारी कायद्यातही हेच दोन आकडे आहेत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नसत, आणि सात ते बारा वयाच्या मुलाची समज पाहत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते तसंच आहे. पहिला दात पडतो तेव्हापासून बारा वर्षांची दाढ येईपर्यंतचाच हा काळ. योगायोग असेल, पण मला तो विसरता येत नाही.

आता माझी गोष्ट. जून १९७७. मी एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. त्या वेळी फार थोड्या घरांत जन्मतारखेचा कागद असे. मुलाचा हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या कानाला लागतो का बघायचं, तोंड उघडायला लावून दात बघायचे, आणि १ जून ही तारीख टाकून द्यायची. माझी स्वतःची जन्मतारीखही १ जूनच आहे!

एक ऊसतोड कामगार दोन मुलींना घेऊन आला. थोरली दुसरीत जाणार होती. धाकटीला पहिलीत घ्या म्हणाला. आमच्याकडे सहा वर्षं पुरी धरत. मी तिला 'आ' करायला लावलं. वीसच्या वीस दुधाचे दात, मक्याच्या दाण्यांसारखे घट्ट. आई म्हणाली, "दुष्काळाच्या दिवाळीत झाली, खडीवर काम चाललं व्हतं तवा." म्हणजे १९७२ ची दिवाळी. पाचही पुरी नव्हती.

बाप म्हणाला, "गुरुजी, हिला घ्या, नायतर थोरलीला हिच्यामागं घरी बसवावं लागंल."

मी रजिस्टरात लिहिलं, १ जून १९७१. एका सहीत दोन मुली शाळेत राहिल्या, याचा तेव्हा आनंदच वाटला होता.

मे १९८९ मध्ये तोच बाप दाखला न्यायला आला. धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि गावात कुणीतरी वयावरून हरकत घेतली होती. मुलीचं वय अठरा हवं, हा कायदा १९७८ सालचा. दाखल्यावर १ जूनला अठरा पुरी होत होती. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात लागलं. खरं वय सोळा वर्षं सात महिने. ते मला ठाऊक होतं. तिचे दात मीच पाहिले होते. पण रजिस्टर खोटं म्हणायचं तर माझी सही खोटी ठरणार. मी दाखला दिला. पुढच्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा पाराजवळ दिसली. मी रस्ता बदलला.

इंग्लंडमधल्या त्या डॉक्टरांना मी वर्गात पोरांदेखत नावं ठेवली होती. त्यांचा खोटा दाखला मालकाच्या फायद्याचा होता, माझा दयेपोटी होता. पण कागदाला दया कळत नाही. त्यावर पडतो तो आकडा, आणि तो पुढे कुणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. बाल न्यायाच्या २०१५ च्या कायद्यात वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वगैरे वैद्यकीय तपासणी. शरीराची साक्ष सगळ्यांत शेवटी!

निवृत्तीच्या थोडं आधी ती मुलगी एकदा शाळेत आली होती, आपल्या धाकट्या लेकीचं नाव घालायला. लेकीचे पुढचे दोन दात पडले होते. तिनं पिशवीतून ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यात बघून लिवा."

मी चष्मा पुसून, दोनदा वाचून तारीख लिहिली. १ जून नव्हती.