पटपडगंजचे लाल डगले

ब्रुसेल्स शहराच्या दक्षिणेला वॉटर्लूचे मैदान आहे. 1815 च्या 18 जूनला नेपोलियनचा अखेरचा पराभव येथे झाला. मैदानाच्या मधोमध मातीचा एक प्रचंड ढीग रचलेला असून त्याच्या माथ्यावर लोखंडाचा सिंह उभा आहे. हे स्मारक 1826 मध्ये पुरे झाले. त्याच्या 226 पायऱ्या चढून वर गेले, की सारी रणभूमी डोळ्यांखाली येते.

जून महिन्यात या टेकडीच्या पायथ्याशी एक मौजेचा मेळा जमतो. देशोदेशींची हौशी माणसे तेथे येतात. कोणी शिक्षक असतो, कोणी कारकून, कोणी सुतार. एरवी परस्परांशी त्यांची ओळख असण्याचे काही कारण नाही. पण अंगावर चढलेला जुना वेष हीच त्यांची ओळख असते. लोकरीचा जाड डगला, पितळी गुंड्या, पाठीवर चामडी पिशवी, हातात चकमकीची बंदूक अशा थाटात ती एकमेकांना शोधीत फिरतात, शिवण तपासतात, गुंड्या मोजतात आणि मग सहलीला आल्याप्रमाणे एकत्र बसून जेवतात. 2015 साली लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा असे सुमारे पाच हजार लोक जमले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हरलेल्या फ्रेंच सेनेचा वेष घालणारांची तेथे मुळीच वाण नसते.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, की हा रिकामटेकड्यांचा खेळ झाला. तसे म्हणण्याचा मोह मलाही होतो. परंतु मग मला आपले एक मैदान आठवते, आणि हसू ओठांवरच विरते.

दिल्लीजवळ यमुनेच्या पूर्वतीरावर नोएडा हे नगर आहे. त्याची स्थापना 1976 सालची. कारखाने, कचेऱ्या आणि उंच इमारती यांनी ते गजबजलेले आहे. शेकडो मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी या भागात येऊन राहिली आहेत. येथे भुयारी रेल्वेचे ‘गोल्फ कोर्स’ नावाचे एक स्थानक आहे. रेल्वे या ठिकाणी जमिनीवरून, उंच खांबांवरून धावते, हा भाग निराळा. ज्या मैदानावरून स्थानकाला हे नाव पडले, त्या हिरवळीवर एक दगडी स्तंभ उभा आहे. चेंडू टोलविणारे लोक त्याच्या बाजूने जातात, येतात. तो स्तंभ 1803 च्या 11 सप्टेंबरला झालेल्या लढाईची खूण आहे. इंग्रज तिला दिल्लीची लढाई म्हणतात, आपण पटपडगंजची म्हणतो. उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेचा कणा या लढाईने मोडला.

त्यापूर्वीची स्थिती आठवावी. 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, आणि पुढच्या वर्षी शहाआलम बादशहाला त्याच्या तख्तावर आणून बसविले. 1788 मध्ये गुलाम कादिराने त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेनेच त्याला सोडविले. तेव्हापासून लाल किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल होता. या अंमलाला आधार होता तो डी बॉइन या सॅव्हॉयच्या सरदाराने उभारलेल्या कवायती कंपूंचा. या पलटणींतील तेलंगे शिपाई लाल डगले घालीत, संगिनी लावीत आणि तालावर पावले टाकीत. पुढे 1795 मध्ये डी बॉइन चाकरी सोडून स्वदेशी गेला. त्याच्या शांबेरी या जन्मगावी 1838 साली त्याच्या स्मरणार्थ एक कारंजे बांधले गेले. त्याच्या चार दिशांना चार हत्ती आहेत. आजही ते त्या गावाचे भूषण आहे. शिंद्यांच्या चाकरीचे सर्वांत देखणे स्मारक पाहावयाचे, तर फ्रान्समध्ये जावे लागते!

महादजी 1794 मध्येच निवर्तले होते. डी बॉइनच्या मागून आलेला पेराँ 1803 चे युद्ध पेटताच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अंमलदारांना वेलस्लीने जाहीरनामा काढून फोडले होते. 4 सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. एका आठवड्याने जनरल लेक यमुनेच्या काठी आला, तेव्हा शिंद्यांच्या कंपूंचे नेतृत्व बुर्क्यँ या फ्रेंच माणसाकडे होते. कंपूंची जागा बळकट होती आणि पुढे तोफांची रांग होती. लेकपाशी साडेचार हजारांच्या आसपास लोक होते, आणि तेही उन्हातान्हात कूच करून थकलेले. त्याने आपल्या घोडदळाला मुद्दाम माघार घ्यावयास लावली. शत्रू पळतो आहे असे वाटून कंपूंतील शिपाई मोर्चे सोडून पुढे धावले. तोच घोडदळ दुभंगले आणि मागून लेकचे पायदळ संगिनी रोखून चालून आले. संध्याकाळपर्यंत सारे आटोपले. 68 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पाच दिवसांनी आंधळ्या बादशहाने लेकची भेट घेतली. वर्ष संपता संपता सुर्जी अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेचा दुआब शिंद्यांच्या हातून गेला.

आता वेषाकडे वळू. त्या दिवशी लेकच्या बाजूला गोऱ्या पायदळाची एकच पलटण होती, ती म्हणजे 76 वी. उरलेले पायदळ देशी शिपायांचे. तेही लाल डगलेवाले, आणि बहुतेक अवध-बिहारकडचे. शिंद्यांच्या कंपूंतही त्याच मुलखातले पुष्कळ लोक होते. म्हणजे लाल डगल्यासमोर लाल डगला, आणि बऱ्याच ठिकाणी एका प्रांताच्या माणसासमोर त्याच प्रांताचा माणूस. ज्याला आपण मराठ्यांचा पराभव म्हणतो, त्यात रक्त सांडणाऱ्यांपैकी अनेकांची मातृभाषा मराठी नव्हती.

एवढ्यानेही गोष्ट संपत नाही. लढाईनंतर शिंद्यांच्या घोडेस्वारांची एक तुकडी लेककडे गेली. तिला नायक मिळाला जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश, आई राजपूत. काल-परवापर्यंत हा शिंद्यांचाच चाकर होता, आणि युद्ध सुरू होताच पेराँने त्याला रजा दिली होती. त्याच्या स्वारांनी पिवळा पोशाख धारण केला. ‘स्किनर्स हॉर्स’ हे नाव आणि तो पिवळा रंग भारतीय सेनेत आजही टिकून आहे. अंगरखा बदलला, धनी बदलला. घोडा आणि माणूस तोच राहिला.

मला वाटते, वेषाच्या हौसेचे खरे मोल येथे आहे. ग्रंथात ‘मराठे हरले’ एवढे एक वाक्य वाचून आपण पुढे जातो. पण तो लाल डगला शिवावयास जो बसेल, त्याला विचारावेच लागेल, की हे कापड कोणाचे, हा पगार कोणाचा, आणि हा शिपाई कोणत्या गावचा? 6 जूनला रायगडावर मावळ्यांच्या वेषात माणसे जमतात, त्याचा आनंद कोणाला होत नाही? विजयाचा वेष सर्वांच्याच अंगाला नीट बसतो. पराभवाचा वेष मात्र काचतो. त्याची शिवण उसवून आत पाहावे लागते. या कंपूंच्या अवशिष्ट पलटणी पुढे 1 नोव्हेंबरला लासवारीला अशा लढल्या, की त्यांना फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता, अशी शंका खुद्द लेकने लिहून ठेवली. पळून गेले ते अंमलदार. शिपाई उभे राहिले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि त्यांचे स्मारकही आपण उभारलेले नाही.

वॉटर्लूला जाणाऱ्याने जरूर जावे, तो सिंह पाहावा, त्या हौशी मंडळींच्या गुंड्या मोजाव्यात. परंतु दिल्लीकडे येणाऱ्या मराठी माणसाने एखाद्या 11 सप्टेंबरला नोएडाच्या त्या स्तंभाचीही आठवण ठेवावी. डगला घालण्याची गरज नाही. शिंद्यांचे मीठ खाऊन त्याला जागलेल्या त्या अनोळखी तेलंग्यांसाठी क्षणभर स्तब्ध उभे राहिले, तरी दोनशे वर्षांच्या ऋणाची थोडी फेड होईल.